गर्भारपणात कॅन्सर : किरणांचा उपचार आणि पोटातील बाळ

ईट गावातील एका गल्लीतली दोन घरे डोळ्यांपुढे आणा. घरे काल्पनिक आहेत, पण अडचण खरी आहे. दोन्ही घरांतील सुना पाच महिन्यांच्या गरोदर. पहिलीच्या मानेला सुपारीएवढी गाठ आली. गाठ दुखत नव्हती, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. लेप लावून झाला. दुसरीच्या अंगावरून अधूनमधून लाल जात होते. "उष्णता झाली असेल" असे म्हणून तिला सब्जाचे पाणी दिले गेले. असा महिना गेला. शेवटी ईटहून भूम आणि भूमहून बार्शी अशा खेपा झाल्या, तुकडा काढून तपासला गेला आणि दोन्ही घरांत एकच शब्द येऊन पडला : कॅन्सर.

यानंतर दोन्ही घरांत एकच प्रश्न उभा राहतो. "बाईला शेक द्यायचे म्हणतात. मग पोटातल्या बाळाचे काय?"

आपल्या भागात किरणोपचाराला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. गरोदर बाईला शेक द्यायचे म्हटले की नातेवाइकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आधी पोट खाली करा, बाईचा जीव महत्त्वाचा. दुसरा म्हणतो, बाळंतपण होऊ द्या, मग उपचाराचे पाहू. दोन्ही तट मायेपोटीच बोलत असतात. पण नीट चौकशी न करता घेतलेले हे दोन्ही निर्णय चुकू शकतात. त्या गल्लीतील दोन सुनांना डॉक्टर एकच उत्तर देणार नाहीत. ते वेगवेगळे का असेल, हे समजून घेणे हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय आपल्या दारातला आहे

गर्भारपणात कॅन्सर निघणे ही नेहमीची गोष्ट नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार साधारण हजार गर्भारपणांमागे एकीला हा प्रसंग येतो. स्तनाचा, गर्भाशयाच्या तोंडाचा, थायरॉइड ग्रंथीचा, लसिका ग्रंथींचा आणि रक्ताचा असे कॅन्सर या वयात प्रामुख्याने आढळतात.

यातील गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी आपल्या भागाची जुनी ओळख आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण भागातील कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू झाली. खेड्यापाड्यांतील लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिलीच नोंदवही होय. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. ईट ज्या तालुक्यात आहे तो भूम तालुका त्यात पहिल्यापासून आहे. नोंदवहीचे कर्मचारी गावोगाव जात, रुग्णांची माहिती घेत आणि त्याबरोबर लोकांना रोगाची लक्षणेही समजावून सांगत. या नोंदींतून दिसले की ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर आहे. पुढे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून असेही दिसून आले की, लोकांना लक्षणे कळू लागल्यावर बायका रोगाच्या लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नुसते सांगण्या-समजावण्याने एवढा फरक पडतो.

किरणोपचार म्हणजे नेमके काय?

एक्स-रे काढताना वापरतात त्याच जातीचे, पण फार जास्त शक्तीचे किरण यंत्रातून नेमक्या जागेवर सोडतात. हे किरण पेशींच्या केंद्रातील सूत्रे तोडतात. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना हा मार सहन होत नाही. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढणाऱ्या असतात, म्हणून त्या मरतात. नेहमीच्या निरोगी पेशी बऱ्याच प्रमाणात सावरतात.

पोटातील बाळाची अडचणही नेमकी इथेच आहे. बाळाची प्रत्येक पेशी भराभर वाढत असते. एका पेशीपासून नऊ महिन्यांत पूर्ण मूल घडायचे असते. जो गुण कॅन्सरला मारतो तोच बाळाला बाधू शकतो.

किरणांचे माप 'ग्रे' या एककात करतात. एका ग्रेचे हजार भाग केले की एक मिलिग्रे होतो. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वीच्या पद्धतीने २५ बैठकांत ५० ग्रे देत. आता पुष्कळ ठिकाणी १५ बैठकांत सुमारे ४० ग्रे देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून ४५ ते ५० ग्रे आणि त्याशिवाय आतून वेगळा डोस द्यावा लागतो. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचा हिशेब त्यांवर आहे.

बाळापर्यंत किरण कसे पोचतात?

मानेवर किरण सोडले तर ते पोटावर पडणार नाहीत, असे कोणालाही वाटेल. बरेचसे खरे आहे, पण पूर्ण नाही. तीन वाटांनी थोडे किरण पोटापर्यंत जातात. पहिली वाट यंत्राच्या डोक्यातून होणाऱ्या किंचित गळतीची. दुसरी, किरणांचा झोत ज्या झडपांनी आखूड-रुंद करतात तेथून उडणाऱ्या किरणांची. तिसरी वाट बाईच्या शरीरातूनच जाते. मानेत शिरलेले किरण आतल्या आत विखुरतात आणि त्यांतील काही खाली उतरतात. पहिल्या दोन वाटा बाहेरून अडवता येतात. तिसरी अडवता येत नाही, कारण ती शरीराच्या आत आहे.

यावरून एक साधा नियम निघतो. किरणांची जागा बाळापासून जितकी दूर, तितका बाळाला बसणारा मार कमी. मेंदूतील गाठ, जबडा किंवा मान येथे उपचार करताना योग्य काळजी घेतली तर बाळाला बसणारा डोस बहुधा १०० मिलिग्रेच्या आत राखता येतो. स्तनावर किरण देताना तो वाढतो. आणि गर्भाशयमुखावर द्यायचे झाले तर बाळ थेट झोतातच येते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. लोकांची समजूत अशी की दिवस जितके भरत जातील तितके किरण कमी धोक्याचे. स्तनाच्या बाबतीत तसे नाही. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय ओटीपोटात खोल असते. आठव्या-नवव्या महिन्यात ते वर चढून थेट बरगड्यांपाशी येते, म्हणजे किरणांच्या जागेजवळ सरकते. त्यामुळे तेवढ्याच उपचारात बाळाला बसणारा डोस शेवटच्या महिन्यांत कित्येक पटींनी वाढतो.

कोणत्या आठवड्यात कोणता धोका?

डोसाइतकेच महत्त्व बाळाच्या वयाला आहे. पुढे दिलेले आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजलेले आहेत. दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून मोजतात, तेव्हा त्यात दोन आठवडे मिळवावेत.

पहिले दोन आठवडे : या काळात जोराचा मार बसला तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर बहुधा निर्दोष वाढतो.

तिसरा ते आठवा आठवडा : या दिवसांत हृदय, हात-पाय, डोळे, मूत्रपिंडे अशा अवयवांची घडण होते. मोठा डोस बसला तर व्यंग राहण्याचा धोका या काळात जास्त. अडचण अशी की पुष्कळ बायकांना या काळात दिवस गेल्याचे ठाऊकही नसते.

आठवा ते पंधरावा आठवडा : मेंदू घडण्याचा हा काळ सर्वांत नाजूक. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडले तेव्हा ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला. या आठवड्यांत मोठा डोस बसलेल्या मुलांत मतिमंदत्व आणि लहान डोके यांचे प्रमाण ठळकपणे जास्त दिसले. एक ग्रे इतका डोस बसला तर गंभीर मतिमंदत्वाची शक्यता सुमारे ४० टक्के धरतात. १०० मिलिग्रेच्या खाली मात्र असा परिणाम दिसून आलेला नाही.

सोळावा ते पंचविसावा आठवडा : मेंदूला धोका असतो, पण आधीपेक्षा कमी. त्यानंतर व्यंगाचा व मतिमंदत्वाचा धोका आणखी उतरतो.

या सर्व काळात एक लहानसा धोका कायम राहतो. पोटात असताना किरण बसलेल्या मुलाला बालपणी कॅन्सर होण्याची शक्यता किंचित वाढते. इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ व १९५८ साली हे प्रथम दाखवून दिले. लहान डोसांपुरती बोलायची तर ही वाढ थोडी आहे, पण ती शून्य नाही. म्हणून गरज नसताना गरोदर बाईला किरण लावू नयेत हा नियम आहे.

आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतून असा हिशेब मांडला आहे : बाळाला बसलेला डोस १०० मिलिग्रेच्या आत असेल तर केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करण्याचे कारण नाही. १०० ते ५०० मिलिग्रेच्या दरम्यान असेल तर महिना, आईची स्थिती आणि आई-वडिलांची इच्छा पाहून निर्णय घ्यावा. ५०० मिलिग्रेच्या वर बाळाला मोठी इजा होण्याची शक्यता गंभीरपणे धरावी लागते.

साध्या एक्स-रेची भीती

हे आकडे वाचून कोणी घाबरून जाऊ नये, म्हणून तुलना देतो. माती, आकाश आणि अन्न यांतून जे नैसर्गिक किरण सर्वांनाच मिळतात, त्यांचा नऊ महिन्यांतील बाळाचा वाटा सुमारे अर्धा ते एक मिलिग्रे असतो. आईच्या छातीचा एक एक्स-रे काढला तर बाळाला ०.०१ मिलिग्रेहूनही कमी डोस बसतो. पोटाचा सीटी स्कॅन केला तरी तो साधारण १० ते ५० मिलिग्रे असतो. सोनोग्राफीत हे किरण नसतातच. तेथे आवाजाच्या लहरी वापरतात. एमआरआयमध्येही हे किरण नसतात.

दिवस गेल्याचे ठाऊक नसताना एखादा एक्स-रे निघाला, म्हणून धास्तावून गर्भ पाडून घेण्याची गरज नसते. अशा वेळी कोणती तपासणी, कोणत्या तारखेला झाली हे डॉक्टरांना सांगून हिशेब करून घ्यावा. किरणोपचार ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथे डोस हजारो पटींनी मोठा असतो.

बाळाचे संरक्षण कसे करतात?

आता पहिल्या सुनेकडे वळू. तिच्या मानेची गाठ हॉजकिन्स नावाच्या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची निघाली असे धरू. आजकाल पाचव्या महिन्यात अशा रुग्णाला बहुधा आधी औषधांचा उपचार म्हणजे केमोथेरपी देतात आणि किरणोपचार बाळंतपणानंतर ठेवतात. काही वेळा तेवढे थांबणे शक्य नसते. तेव्हा किरण देताना बाळासाठी खास तयारी करावी लागते.

यात कॅन्सरच्या डॉक्टरांइतकेच महत्त्व किरणांचा हिशेब करणाऱ्या भौतिकतज्ज्ञाला असते. मोठ्या केंद्रांत हा माणूस पडद्यामागे काम करतो. रुग्णाला तो क्वचितच दिसतो. तो प्रथम बाईऐवजी माणसाच्या आकाराचा पुतळा यंत्राखाली ठेवतो. बाळाचे डोके, मध्यभाग आणि खालची बाजू जिथे येईल तिथे किरण मोजणारी साधने बसवतो आणि खऱ्या उपचारासारखेच किरण सोडून पाहतो. बाळाला एकंदर किती डोस बसेल, हे उपचार सुरू होण्याआधीच कळते.

मग झोत शक्य तितका लहान करतात, त्याची दिशा बदलतात आणि फार उच्च शक्तीचे किरण टाळतात. पोटावर शिशाचा जाड आडोसा उभारतात. एक्स-रे खोलीत अंगावर घालतात तो शिशाचा एप्रन येथे कुचकामी ठरतो. येथे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे शिसे लागते. ते इतके जड असते की बाईच्या अंगावर ठेवता येत नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना टेकलेल्या मजबूत चौकटीवर ते पुलासारखे पेलावे लागते. चौकट घसरून पोटावर पडणार नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते. असा आडोसा नीट केला तर बाळाचा डोस निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. उपचार चालू असताना पोटावर मोजणी सुरू ठेवतात. दिवस वाढतील तसे पोट वाढते, म्हणून हिशेबही पुन्हा तपासावा लागतो.

याचा उपयोग होतो काय? अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एम. डी. अँडरसन हे नावाजलेले कॅन्सर रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनी १९९२ साली १६ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. सर्वजणी गरोदर असताना हॉजकिन्सच्या रुग्ण होत्या. त्यांना पोटावर शिशाचा आडोसा ठेवून छातीच्या पडद्याच्या वरच्या भागात किरणोपचार दिले गेले. सोळाही जणींना पूर्ण दिवसांची, व्यंग नसलेली मुले झाली. १६ ही संख्या लहान आहे, त्यावरून सरसकट हमी देता येणार नाही. पण "गरोदरपणात शेक म्हणजे बाळ गेलेच" ही समजूत खरी नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये किरणांची घाई सहसा नसते. आधी शस्त्रक्रिया करतात. ती गरोदरपणात करता येते. चौथ्या महिन्यापासून पुढे निवडक केमोथेरपीही देता येते. पहिल्या तीन महिन्यांत ती टाळतात, कारण तेव्हा अवयव घडत असतात. किरणांची पाळी आपोआप बाळंतपणानंतर येते. बेल्जियममधील डॉ. फ्रेडरिक आमांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणात कॅन्सर झालेल्या मातांच्या १२९ मुलांची तुलना तितक्याच इतर मुलांशी करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या माता गरोदरपणात केमोथेरपी घेतलेल्या होत्या, काहींनी किरणोपचारही घेतले होते. मुलांची वाढ आणि हृदयाचे काम इतर मुलांसारखेच दिसले. बुद्धीच्या वाढीत मागे पडण्याचा संबंध उपचारापेक्षा वेळेआधी जन्म होण्याशी अधिक होता. म्हणून केवळ उपचाराच्या घाईने बाळंतपण फार लवकर उरकणेही बरे नव्हे.

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये एक उपचार मात्र गरोदरपणात मुळीच चालत नाही, तो म्हणजे किरणोत्सर्गी आयोडिनचा. हे औषध तोंडाने घेतात. ते वारेतून बाळापर्यंत जाते आणि त्याच्या थायरॉइड ग्रंथीत साठून ती निकामी करू शकते. तेथे शिशाचा आडोसा काय कामाचा? थायरॉइडच्या कॅन्सरचे बहुतेक प्रकार सावकाश वाढतात, म्हणून हा उपचार बाळंतपण आणि अंगावर पाजणे संपल्यावर देतात.

अवघड प्रश्न

आता दुसरी सून. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे. बाळ त्याच गर्भाशयात, चार बोटांवर. येथे किरण दिले तर कोणताही आडोसा बाळाला वाचवू शकत नाही. गर्भ जगत नाही. हे कटू आहे, पण स्पष्ट सांगितलेच पाहिजे. बाळ राखून गर्भाशयमुखावर किरणोपचार करण्याची रीत आजही उपलब्ध नाही.

म्हणून येथे सारा भर रोग किती पसरला आहे आणि कितवा महिना आहे यांवर असतो. रोग अगदी लहान असेल आणि दिवस बरेच गेलेले असतील, तर डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली बाळ जगण्याजोगे होईपर्यंत थांबता येते. काही निवडक रुग्णांना चौथ्या महिन्यानंतर केमोथेरपी देऊन रोग आटोक्यात ठेवतात. मग योग्य वेळी सिझेरियन करून बाळ बाहेर काढतात आणि त्यानंतर आईचा उरलेला उपचार सुरू करतात. गर्भाशयमुखावर गाठ दिसत असेल तर बाळंतपण नैसर्गिक मार्गाने होऊ देत नाहीत, कारण रक्तस्राव होण्याचा धोका असतो. परंतु रोग पसरलेला असेल, रक्त थांबत नसेल किंवा दिवस अगदी थोडे असतील, तर थांबणे म्हणजे आईचा जीव पणाला लावणे होय. अशा वेळी गर्भ ठेवता येत नाही.

हा निर्णय कोणाचा? कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते; नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. आईचा जीव वाचवण्यासाठी तो तातडीने आवश्यक असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. घरच्यांनी आधार द्यावा, पैशाची सोय पाहावी, सोबत जावे. पण ज्या बाईच्या अंगावर हे सर्व घडणार, तिला प्रत्येक गोष्ट समजेल अशा मराठीत सांगितली गेली पाहिजे आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. "तिला कशाला सांगता, घाबरून जाईल" असे म्हणून दाराबाहेर निर्णय घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती सोडायला हवी.

उपचारानंतरच्या शंका

"शेक घेतलेल्या बाईने बाळाला जवळ घेतले तर बाळाला किरण लागतील का?" असे पुष्कळजण विचारतात. बाहेरून यंत्राने दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. यंत्र बंद झाले की किरण संपले. अशा आईने बाळाला खुशाल कुशीत घ्यावे. किरणोत्सर्गी आयोडिन घेतलेल्या बाईला मात्र काही दिवस लहान मुले आणि गरोदर बायका यांच्यापासून दूर राहण्यास सांगतात, ते पाळावे.

केमोथेरपी चालू असताना अंगावर पाजू नये. एका स्तनावर किरण घेतले असतील तर त्या बाजूला दूध फारसे येत नाही; दुसऱ्या बाजूने पाजता येईल का, हे चालू औषधे पाहून डॉक्टर सांगतील. पुढच्या मुलाची घाई करू नये. आयोडिनच्या उपचारानंतर निदान सहा महिने थांबावे लागते. स्तनाच्या कॅन्सरनंतर बहुधा दोन वर्षे थांबण्यास सांगतात. ओटीपोटावर किरण घेतल्यावर बहुधा पाळी बंद होते आणि पुन्हा मूल होत नाही, ही गोष्ट उपचाराआधीच बाईला सांगितली पाहिजे.

दुसऱ्या सुनेचा प्रसंग टाळता आला असता

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग बराच काळ टिकून राहिला तर वर्षानुवर्षांनी त्यातून कॅन्सर होतो. मधल्या काळात तपासणी केली तर रोग होण्याआधीच थोपवता येतो. याचा जगातील एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातून गेला आहे. १९९९ ते २००३ या काळात त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एका मोठ्या अभ्यासात समावेश झाला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी तो केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची तपासणी एकदाच करून ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार केले, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्याने कमी झाले. तुलनेसाठीच्या गटातील बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे टीकाही झाली आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण आपल्या गावांतील बायकांनी जगाला जे शिकवले, त्याचा फायदा निदान त्यांच्या लेकी-सुनांना तरी मिळावा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ती दुखत नाही, थोड्या मिनिटांत होते. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ साली आली. ही लस गरोदरपणात मात्र देत नाहीत.

आणि गरोदरपणातील लक्षणे "दिवसांचेच आहे" म्हणून सोडून देऊ नका. अंगावरून लाल जाणे, दुर्गंधी असलेले पाणी जाणे, स्तनात किंवा मानेत दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी गाठ, एकाच बाजूच्या बोंडीतून रक्त येणे, यांपैकी काहीही असेल तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण बघितल्याशिवाय ते साधे आहे हे कळणार कसे? गाठ सोनोग्राफीने तपासता येते आणि तिचा तुकडा गरोदरपणातही काढता येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी निघण्याआधी दाखवून जावे. हंगाम संपेपर्यंत थांबू नये.

कोणताही एक्स-रे, स्कॅन किंवा शेक सुरू होण्याआधी "माझी पाळी चुकली आहे" किंवा "मला दिवस आहेत" हे वाक्य बाईने स्वतः, न लाजता, पहिल्यांदा बोलावे. शंका असेल तर लघवीची तपासणी करून घ्यावी. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे किरणोपचार बसतात. योजना लागू असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्या. किरण कोणत्या जागेवर द्यायचे आहेत? बाळाला एकंदर किती मिलिग्रे बसतील? उपचार बाळंतपणापर्यंत थांबवला तर आईच्या जिवाला किती धोका आहे? तोपर्यंत दुसरा कोणता उपचार देता येईल? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की घरातल्या दोन तटांचे भांडण बरेचसे मिटेल. पहिल्या सुनेला कदाचित बाळासह उपचार मिळेल. दुसरीला कदाचित मिळणार नाही. पण दोघींचेही निर्णय भीतीने किंवा अंदाजाने होणार नाहीत, माहिती घेऊन होतील.